शोधन आणि रोपण : देहातील भक्षकपेशींच्या शोधाचा इतिहास

हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांची वाटचाल. साठ हा आकडा भारतीय वैद्यकात एका लक्षणीय ठिकाणी भेटतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात व्रणावर, म्हणजे जखमेवर, करावयाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. लेप, शेक, रक्तमोक्षण, शिवण, पट्टी बांधणे अशी ती मोठी मालिका आहे; परंतु तिचा सारा रोख दोन शब्दांत सामावतो. ते शब्द म्हणजे शोधन आणि रोपण. जखमेतील मेलेले, कुजलेले, निरुपयोगी झालेले काढून टाकणे हे शोधन. आणि शुद्ध झालेली जखम नव्या मांसाने भरून आणणे हे रोपण. हा क्रम उलटा चालत नाही. आत पू ठेवून वरून खपली धरलेली जखम चार दिवसांनी पुन्हा फुटते, हे घरातील वडीलधाऱ्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते.

सुश्रुतकारांपाशी सूक्ष्मदर्शक नव्हता आणि पेशी ही कल्पनाही नव्हती. तेव्हा आधुनिक जीवशास्त्राचे सगळे काही आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होते, असा दावा येथे करावयाचा नाही; तसले दावे आपल्या पूर्वजांच्या खऱ्या निरीक्षणशक्तीचा अवमानच करतात. परंतु त्यांच्या क्रमाने एक प्रश्न मात्र उभा राहतो. वैद्य नसताना, लेप नसताना, रानात पडलेल्या हरणाची किंवा खेळताना गुडघा फुटलेल्या मुलाची जखम भरून येते, तेव्हा आतले शोधन कोण करते? आणि जो शोधन करतो, त्याचा रोपणाशी काही संबंध असतो काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या उत्तराचा एक धागा मुंबईच्या परळपर्यंत येतो आणि दुसरा थेट आपल्या जबलपुरापर्यंत.

प्रथम या कामाचा आवाका पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३,००० कोटी पेशी मरतात आणि जवळजवळ तितक्याच नव्या जन्मास येतात. यांतील फार मोठा वाटा रक्तपेशींचा. एकट्या तांबड्या रक्तपेशीच दर सेकंदाला २० लाखांहून अधिक निकालात निघतात. हे वाक्य वाचून संपेपर्यंत वाचकाच्या शरीरात एखाद्या महानगराच्या लोकसंख्येइतके मृत्यू घडून गेलेले असतात. आणि तरीही कोठे सूज नाही, वेदना नाही, दुर्गंधी नाही. मृत्यू इतके आणि प्रेत एकही दिसत नाही, ही गोष्ट खरे म्हणजे पहिल्यापासूनच चमत्कारिक वाटावयास हवी होती. शास्त्रज्ञांना ती फार उशिरा तशी वाटली.

इल्या मेचनिकॉफ (१८४५–१९१६) हे ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील राजकारणाला कंटाळून १८८२ साली त्यांनी राजीनामा दिला आणि पत्नी ओल्गा व तिची धाकटी भावंडे यांच्यासह ते सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात राहावयास गेले. समुद्र जवळ होता, वेळ हाताशी होता आणि घरात सूक्ष्मदर्शक होता. त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता ते तारामाशाची काचेसारखी पारदर्शक अळी न्याहाळीत बसले होते. तिच्या अंगात इकडून तिकडे सरपटणाऱ्या काही फिरत्या पेशी दिसत होत्या. या पेशी देहात शिरलेल्या उपऱ्या वस्तूवर चालून जात असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून अळीच्या अंगात टोचले आणि रात्र अस्वस्थतेत काढली. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती त्या पेशींची दाटी झालेली! पुढे व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक भाषेतून ‘फॅगोसाइट’ हे नाव मिळाले. आपण त्यांना भक्षकपेशी म्हणतो. त्यांतील मोठ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या पेशींना मेचनिकॉफ यांनीच ‘मॅक्रोफेज’ असे नाव दिले. मराठीत त्यांस महाभक्षी पेशी म्हणता येईल.

ही कथा पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा सांगितली जाते. तिचा जो भाग बहुधा गाळला जातो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काटे टोचण्यापूर्वी मेचनिकॉफ यांचे लक्ष जंतूंवर नव्हतेच. ते होते पचनावर आणि रूपांतरावर. समुद्रातील अळीचे प्रौढ प्राण्यात रूपांतर होताना तिचे काही अवयव निरुपयोगी होतात. त्या टाकाऊ भागांना या फिरत्या पेशी गिळून टाकतात, असे त्यांना दिसले होते. लगोलग त्यांनी बेडकाकडे मोर्चा वळविला. बेडकाचे शेपटीवाले पिल्लू म्हणजे भैकेर. जबलपूर हे एके काळी बावन्न तळ्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. रानीताल, चेरीताल, अधारताल, हनुमानताल ही नावे त्यांचीच. काही तळी राहिली, काहींची नुसती नावे उरली. त्या तळ्यांच्या काठी पावसाळ्यात ज्यांनी भैकेर पकडले असतील, त्यांनी शेपटी दिवसागणिक आखूड होत गेलेलीही पाहिली असेल. ती गळून पडत नाही. मग जाते कोठे? मेचनिकॉफ यांना शेपटीच्या स्नायूंचे तुकडे भक्षकपेशींच्या पोटात सापडले. शेपटीच्या पेशी आधी मरतात आणि मग खाल्ल्या जातात, की भक्षकपेशीच त्यांना मारतात, या बाबतीत त्यांचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता आणि पुढील संशोधनाने पहिले उत्तर खरे ठरविले. पण मुख्य गोष्ट त्यांच्या हाती लागली होती. भक्षकपेशींचे मूळ काम परक्या शत्रूशी लढण्याचे नव्हते. आपल्याच देहातील मृतांना उचलून नेण्याचे होते.

मग हे मूळ काम मागे का पडले? काळच तसा होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखविला, १८८३–८४ मध्ये पटकीचा. युरोपात दर वर्षी नवा रोगजंतू सापडत होता आणि रोग म्हणजे युद्ध ही भाषा रूढ होत होती. मेचनिकॉफ यांनीही पाणपिसूच्या अंगात शिरलेल्या बुरशीच्या काट्यांवर तिच्या भक्षकपेशी कशा तुटून पडतात हे १८८४ साली वर्णिले, ते लढाईच्याच भाषेत. पांढऱ्या पेशी जंतूंना देहभर पसरवितात, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ तेव्हा मानीत. त्यांच्याशी वाद घालताना लढाईची भाषा सोयीची होती. त्या वादात सफाई करणारा शिपाई झाला. शिपायाचे पुतळे उभे राहतात, झाडूवाल्याचे सहसा राहत नाहीत. हाती खराटा घेतलेल्या गाडगेबाबांचा अपवाद वऱ्हाडाने निर्माण केला. पण गावातील मेलेले ढोर ओढून नेणाऱ्याला गावाबाहेर ठेवणारा समाजही आपलाच होता. जे काम झाले नाही तर गाव राहण्याजोगे उरणार नाही, त्या कामाला खालचे मानण्याची खोड फक्त आपली नसावी. विज्ञानाच्या इतिहासातही ती दिसते.

याच ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी महाराष्ट्राच्या इतिहासात शिरला. वाल्देमार हाफकिन (१८६०–१९३०) हे ज्यू होते. राजकीय चळवळीपायी त्यांना अटक सोसावी लागली आणि धर्म बदलल्याखेरीज रशियात प्राध्यापकी मिळणे शक्य नव्हते. मेचनिकॉफ १८८८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, पाठोपाठ १८८९ साली हाफकिनही तेथे साहाय्यक ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. १८९२ साली पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःच टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते भारतात आले. १८९६ च्या शरद ऋतूत मुंबईस प्लेगने गाठले, तेव्हा सरकारने त्यांस तेथे बोलाविले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. दोनच महिन्यांनी, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. रोगाचा वेग एवढ्यावरून कळावा. मुंबई-कलकत्ता लोहमार्गाचे दोन तुकडे १८७० साली आपल्या जबलपुरातच जोडले गेले होते. माणसे, धान्य आणि धान्यातील उंदीर यांच्यासह प्लेगही पुढे मध्यप्रांतात आला. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले.

हाफकिन येथे आले ते लस घेऊन. शिपाईगिरीची बाजू घेऊन. त्यांच्यापुढे मृत्यूचे थैमान होते आणि त्या प्रसंगी देहाच्या सैन्याचा विचार करणेच योग्य होते. परंतु रोगप्रतिकारशास्त्र आपल्या देशात आले ते अशा रीतीने युद्धाचा पोशाख घालून, आणि तो पोशाख आजही पुरता उतरलेला नाही. शाळेतील आपली पाठ्यपुस्तके पांढऱ्या पेशींना ‘देहाचे सैनिक’ म्हणत आली आहेत. ते चूक नाही, पण अर्धेच आहे.

मेचनिकॉफ यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. एर्लिख यांचा भर रक्तद्रवातील प्रतिपिंडांवर होता. पुढील अर्धशतक प्रतिपिंडांचे ठरले आणि भक्षकपेशी मागे पडल्या. सामान्य जनांत मेचनिकॉफ यांचे नाव राहिले ते आंबविलेल्या दुधाने आयुष्य वाढते या त्यांच्या मतामुळे. ताकाशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही, त्या आपल्या लोकांना यात नवे काही वाटले नसते.

पेशींचा मृत्यू हा विषय तर त्याहूनही उपेक्षित राहिला. कार्ल फोख्ट यांनी १८४२ सालीच बेडकाच्या एका जातीच्या भैकेरात काही पेशी नाहीशा होतात असे नोंदविले होते. वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८५ साली अंडाशयातील मरणाऱ्या पेशींची सुरेख चित्रे काढली. पण मेलेली पेशी ही अभ्यासाची वस्तू वाटत नव्हती. ती केवळ झालेल्या हानीची खूण होती. १९६० नंतर जॉन केर या ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञाने लंडनमध्ये उंदरांच्या यकृताच्या काही भागांचा रक्तपुरवठा अंशतः तोडून पाहिला. काही पेशी फुगून फुटल्या, त्यांतील द्रव्ये बाहेर सांडली आणि सभोवती दाह निर्माण झाला; हे अपेक्षितच होते. परंतु इतर काही पेशींचे वागणे निराळे होते. त्या आक्रसल्या, त्यांचे पडद्यात नीट गुंडाळलेले लहान तुकडे झाले आणि ते तुकडे शेजारच्या पेशींनी व महाभक्षी पेशींनी शांतपणे गिळले. दाहाचा मागमूस नव्हता. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या नीटस मृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. ॲबरडीन येथील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचविलेल्या या शब्दाचा अर्थ आहे झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे. ‘पानगळ’ हा त्याला आपला सुंदर आणि तयार प्रतिशब्द आहे. फाल्गुन-चैत्रात मंडला रस्त्याने गेलेल्याला निष्पर्ण साग पाहून ते झाड मेले असे वाटत नाही. पाने टाकणे ही जिवंत झाडाचीच क्रिया आहे, हे तो जाणतो.

यानंतरची प्रगती एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीने घडविली. त्याच्या वाढीत १,०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात. या कामाबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काही कृमींत जनुकीय दोषामुळे पेशी वेळेवर मरतात, पण त्यांना कोणी उचलत नाही आणि त्यांची प्रेते तशीच पडून राहतात, असेही त्या अभ्यासात आढळले. मरणे आणि उचलले जाणे या दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. मग १९८९ साली जॉन सॅव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दाहाच्या जागी धावून आलेल्या व आयुष्य संपलेल्या न्यूट्रोफिल पेशींना महाभक्षी पेशी कशा गिळतात ते दाखविले. १९९२ साली व्हॅलरी फॅडोक आणि सहकाऱ्यांना मरणाऱ्या पेशीची खूण सापडली. पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूस राहणारा एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ, फॉस्फॅटिडिलसेरिन, मरणपंथास लागलेली पेशी बाहेरच्या बाजूस आणते. घरात कोणी गेले की दाराशी गोळा होणारी माणसे पाहूनच रस्त्यावरच्यास कळते, तसाच हा प्रकार. उलट, धडधाकट पेशीच्या अंगावर ‘मला खाऊ नका’ अशी खूण असते, हे २००० साली तांबड्या रक्तपेशींच्या बाबतीत सिद्ध झाले. २००३ साली या साऱ्या क्रियेस ‘एफेरोसायटोसिस’ हे नाव मिळाले. त्यातील लॅटिन धातूचा अर्थ उचलून नेणे, स्मशानापर्यंत पोचविणे. मेचनिकॉफ यांनी पाहिलेल्या कामाला त्याचे खरे नाव मिळावयास असा एकशेवीस वर्षांचा काळ गेला.

आता शोधनाचा रोपणाशी संबंध. बोट कापले की रक्त गोठते आणि काही तासांतच न्यूट्रोफिल पेशींचे थवे जखमेत उतरतात. त्या जंतूंना मारतात, पण त्यांची शस्त्रे आंधळी असतात. आपल्या निरोगी पेशींनाही ती जाळतात. या पेशींचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. त्या तेथेच फुटल्या तर त्यांतील दाहक द्रव्ये जखमेत पसरून दाह वाढेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून महाभक्षी पेशी येऊन त्यांना सबंध गिळतात. आणि येथे खरी गंमत आहे. जंतू गिळलेली महाभक्षी पेशी धोक्याची हाकाटी करते. परंतु नीट मेलेली आपलीच पेशी गिळलेली महाभक्षी पेशी हाकाटी थांबविते. फॅडोक यांच्याच गटाने १९९८ साली दाखविले की अशा पेशी दाह वाढविणारी द्रव्ये कमी करून दाह शमविणारी द्रव्ये स्रवू लागतात. त्यांतील एक द्रव्य तंतुपेशींना नवे धागे विणावयास लावते. इतर काही संदेश नव्या केशवाहिन्यांना जखमेत बोलावतात. जखमेच्या तळाशी दिसणारे लालसर, दाणेदार कोवळे मांस ते हेच. ‘जखम मांसाने भरून येत आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा शोधन करणाऱ्याच पेशी रोपणास लागलेल्या असतात. मेलेले गिळणे हाच त्यांना मिळालेला ‘आता बांधावयास लागा’ हा निरोप असतो.

याचा प्रायोगिक पुरावा त्याआधीच मिळाला होता. लीबोविच आणि रॉस यांनी १९७५ साली गिनीपिगच्या शरीरातील महाभक्षी पेशी औषधांनी घटविल्या, तेव्हा जखमांत मेलेला कचरा साचून राहिला आणि नवे तंतू उशिरा तयार झाले. न्यूट्रोफिल घटविले असता मात्र निर्जंतुक जखम भरण्यात तसा अडथळा येत नाही, हे रॉस यांच्याच आधीच्या कामात दिसले होते. शिपाई नसला तरी चालले, सफाई करणारा नसल्यावर अडले. अर्थात महाभक्षी पेशी म्हणजे केवळ पुण्यमूर्ती नव्हेत. २००५ साली उंदरांच्या यकृतावरील प्रयोगांत आढळले की इजा चालू असताना या पेशी काढल्या तर वण कमी होतो, आणि इजा थांबून यकृत सावरत असताना काढल्या तर वण टिकून राहतो. मधुमेहात पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही, यामागेही हा पालट वेळेवर न होणे हे एक कारण आहे. मृत पेशी पडून राहतात, दाह शमत नाही आणि शोधनाच्याच पायरीवर जखम अडकून बसते.

या सफाईचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे प्लीहा. तिला मराठीत पाणथरी म्हणतात. आपल्या शहरात हिंदीमुळे ‘तिल्ली’ हा शब्द अधिक कानी पडतो. डाव्या बरगड्यांखाली दडलेला हा मूठभर अवयव. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तिची रुंदी सात-आठ मायक्रॉन आणि पाणथरीतील फटी जेमतेम एक-दोन मायक्रॉनच्या. तरुण पेशी अंग चोरून त्यातून निसटते. म्हातारी, ताठर झालेली अडकते आणि तेथील महाभक्षी पेशींच्या हाती पडते. हिमोग्लोबिन मोडून त्यातील लोह परत अस्थिमज्जेकडे धाडले जाते. या मार्गाने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात येते. अन्नातून शरीर रोज घेते ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. आपल्या रक्ताचा लाल रंग मुख्यतः मोडीतून उभा राहतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पाणथरीवर कामाचा बोजा वाढला की ती फुगते. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत डेम्स्टर या इंग्रज शल्यवैद्याने उत्तर भारतातील कालव्यांलगतच्या गावांत माणसांची पोटे चाचपून किती जणांची पाणथरी वाढली आहे ते मोजले आणि त्यावरून गावातील हिवतापाचे प्रमाण ठरविले. हिवतापाचा परजीवी सापडण्यास अजून तीस-पस्तीस वर्षे होती आणि मेचनिकॉफ तेव्हा जेमतेम जन्मले होते. डेम्स्टर यांच्या बोटांना जे लागत होते, ते परजीवी शिरलेल्या रक्तपेशी उचलून दमलेल्या महाभक्षी पेशींचे आगर होते.

आणि येथे ही कथा आपल्या जंगलांत येऊन पोचते. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी वर्णिल्या. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका दुव्याच्या बदलाने हा सिकलसेल आजार होतो, हे १९४९ ते १९५७ या काळात पॉलिंग आणि इनग्रॅम यांच्या कार्याने स्पष्ट झाले. तोवर हा आजार आफ्रिकी वंशापुरता आहे असा समज होता. भारतात १९५२ साली तो निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळाविषयी नागपूरहून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांताचे भाग होते. राज्यपुनर्रचनेने सीमा ओढली; जनुकाला ती ठाऊक नव्हती. विदर्भातील गोंड आणि काही दलित समाज यांच्यात जो वारसा आहे, तोच मंडला, डिंडोरी, शहडोलच्या गोंड-प्रधानांत आहे.

हा वारसा टिकला का? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले की एकाच पालकाकडून हा जनुक मिळालेल्यांना हिवतापापासून संरक्षण मिळते. त्याचे एक स्पष्टीकरण असे, की परजीवी शिरताच अशा माणसाची रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि महाभक्षी पेशी तिला परजीवीसकट लवकर उचलतात. म्हणजे जंगलातल्या हिवतापात ज्यांनी तग धरला, त्यांना हात दिला तो देहातील सफाईनेच. परंतु दोन्ही पालकांकडून जनुक आलेल्या बालकात हीच सफाई असह्य होते. त्याची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मरते. पाणथरीकडे येणारा लोंढा कित्येक पटींनी वाढतो, वाकलेल्या पेशी तिच्या फटींत तुंबतात, तिचेच रक्त अडते आणि भाग मरू लागतात. आफ्रिकी मुलांत ती बहुधा लहानपणीच सुकून निकामी होते व साध्या न्यूमोनियाचे जंतूही जीवघेणे ठरतात. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकत असल्याने पाणथरी पुष्कळदा मोठी होऊनच राहते. म्हणून येथला आजार सौम्य असे एके काळी म्हटले जाई. मध्य भारतातील डॉक्टरांचा अनुभव मात्र तितका दिलासा देणारा नाही.

जबलपुरात १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे आदिवासी आरोग्य संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे त्यास राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. सिकलसेल आणि हिवताप हे दोन्ही तिच्या कामाचे मुख्य विषय राहिले, आणि वर सांगितलेले नाते लक्षात घेता ते तसे असणे स्वाभाविकच आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ झाला तो येथून जवळच, शहडोलला.

आजार ओळखल्यावर हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि लहान मुलांस पेनिसिलिन एवढ्या साध्या औषधांनीही आयुष्य पुष्कळ सावरते. पण एक संकट औषधाची वाट पाहत नाही. कधी कधी काही तासांत रक्ताचा मोठा भाग पाणथरीत तुंबतो आणि मूल पांढरेफटक पडते. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमैकात यावर एक उपाय केला. सिकलसेल असलेल्या बाळांच्या आयांना त्यांनी पाणथरी चाचपावयास शिकविले आणि ती वाढलेली लागताच बाळाला तडक रुग्णालयात आणावयास सांगितले. या संकटातील मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे सुमारे एकदशांशावर आले. हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. ही तपासणी करावयास यंत्र लागत नाही. बाळाला उताणे निजवावे, हात कोमट करून घ्यावा, बोटे बेंबीकडून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवावीत. बाळाने श्वास घेतला की पाणथरीची कड बोटांना येऊन टेकते. रोज पाहणाऱ्या आईला ती काल कोठे होती आणि आज कोठे आहे, हे सांगता येते.